स्पेलिंग : घोकायचं की ओळखायचं?

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्याआधी एबीसीडीशी गाठ पडायची ती पाचवीत. म्हणजे आज भोकरच्या जिल्हा परिषद शाळेतलं लेकरू त्याच्या वडिलांपेक्षा चार वर्षं आधी इंग्रजी अक्षरं गिरवू लागतं. स्पेलिंगची धास्ती मात्र बापाची होती तेवढीच लेकराची आहे. या धास्तीवर काय करायचं याबद्दल शिक्षकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, इंग्रजी स्पेलिंगला ना शेंडा ना बुडखा, पाठ करा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, नियम आहेत, आपणच ते लेकरांना कधी सांगितले नाहीत.

हे दोन तट मी इथे दोन पात्रांच्या तोंडी देतो आहे. गुरुजी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. मॅडम त्यांच्याच विद्यार्थिनी, भोकर तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत शिकवतात. पात्रं माझी आहेत, पण त्यांचं म्हणणं कुठल्याही शाळेच्या ऑफिसात मधल्या सुट्टीत ऐकायला मिळेल.

गुरुजी : परवा तुझ्या वर्गातल्या एका पोरीची वही बघितली. 'नाइट'चं स्पेलिंग लिहिलंय एन-ए-आय-टी. मी लाल फुली शोधायलो, तर खाली तुझ्या अक्षरात 'नीट ऐकलंस' असा शेरा! हे काय नवीन?

मॅडम : तिनं नीट ऐकलंच होतं, गुरुजी. न, मग आ आणि इ, मग ट. मराठी लिहायला आपण तिला हेच शिकवलं, ऐकलं तसं लिही. तिनं ते इमानानं केलं. फुली मारली असती तर तिला एवढंच कळलं असतं की आपलं चुकलं. काय चुकलं ते कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सहा शब्द लिहिले. लाइट, राइट, फाइट, साइट, टाइट, नाइट. म्हटलं, सगळ्यांत सारखं काय दिसतं ते शोधा. शेवटची चार अक्षरं, आय-जी-एच-टी, तिनंच शोधून काढली.

गुरुजी : आणि काइट? बाइट? व्हाइट? त्यांत कुठं आलं जी-एच?

मॅडम : ते दुसरं घराणं. आय-टी-ई. शेवटचा ई स्वतः बोलत नाही, पण मागच्या स्वराला त्याचं अक्षराचं नाव घ्यायला लावतो. के-आय-टी किट, ई लावला की काइट. एच-ए-टी हॅट, ई लावला की हेट. सी-यू-टी कट, ई लावला की क्यूट.

गुरुजी : म्हणजे दोन घराणी झाली. आता नाइट ह्या घराण्यातला की त्या, हे पाठच करायचं ना? मग माझं काय चुकलं? मी म्हणायचो, रोज दहा शब्द, एकेक शब्द दहा वेळा. हात लिहून लिहून शिकतो.

मॅडम : घराणं कुठलं ते लक्षात ठेवायचंच आहे, कबूल. पण ती एक गोष्ट झाली. तुमच्या पद्धतीत लेकरू एन, आय, जी, एच, टी अशी पाच सुटी अक्षरं लक्षात ठेवतं. दोन दिवसांनी जी-एच आधी की एच-जी आधी, इथं अडतं. घराणं माहीत असलेलं लेकरू तिथं अडत नाही.

गुरुजी : बरं. पण नियमांचं कौतुक मला सांगू नकोस. 'आय आधी, ई नंतर, सीच्या मागोमाग मात्र उलटं.' हा नियम मी स्वतः पाठ केलाय. बिलीव्ह, रिसीव्ह, ठीक. मग देअर, वीअर्ड, सीझ, फॉरेन, हाइट, नेबर ह्यांनी काय पाप केलंय? आणि सायन्स? त्यात तर सी असून आय आधी! ज्या नियमाला एवढे अपवाद, तो शिकवून लेकराचा वेळ का घालवायचा?

मॅडम : तो नियम मी शिकवतच नाही. तो तोंडावर बसतो म्हणून प्रसिद्ध झाला, कामाचा फार नाही. कामाचे नियम वेगळे आहेत आणि ते कुणी गात नाही. क्-चा आवाज शेवटी आला आणि आधीचा स्वर आखूड असला तर सी-के लिहायचं : बॅक, नेक, सिक, रॉक, डक. स्वर लांब असला किंवा दोन स्वर जोडीनं आले तर नुसता के : बेक, वीक, सोक. इंग्रजी शब्द सहसा व्हीवर संपत नाही, म्हणून हॅव, गिव्ह, लव्ह यांच्या शेवटी ई येतो. क्यूच्या पुढे यू. 'शन' ऐकू आलं की बहुतेक वेळा टी-आय-ओ-एन. भोकरच्या रेल्वे स्टेशनवर उभं राहून मी पोरांना हेच दाखवते. पाटीवरचं 'स्टेशन' वाचा, मग एज्युकेशन, अॅडिशन, नेशन लिहून बघा.

गुरुजी : स्टेशन तर सगळ्यांना पाठ असतं.

मॅडम : म्हणूनच तिथून सुरुवात करायची. जे पाठ आहे त्यात नियम दाखवला की लेकरू न बघितलेल्या शब्दात तो लावतं.

इथे मी मध्येच एक गोष्ट सांगतो, कारण या वादात ती कामाची आहे. अमेरिकेत 1966 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 17,000 हून अधिक इंग्रजी शब्द घेतले, उच्चारावरून स्पेलिंग ठरवण्याचे नियम संगणकाला दिले आणि त्याला स्पेलिंग लिहायला लावलं. सुमारे निम्मे शब्द त्यानं बिनचूक लिहिले. आणखी साधारण 37 टक्के शब्दांत एकेकच चूक होती. मॅडमनी हे आकडे गुरुजींपुढे ठेवले, तेव्हा गुरुजी लगेच म्हणाले,

गुरुजी : निम्मे बरोबर म्हणजे निम्मे चूक. पन्नास टक्क्यांवर तुझ्या वर्गातल्या कुणाला लातूरला अॅडमिशन मिळेल का? आणि त्या संगणकाला नियम दिले शेकड्यांनी. लेकराच्या डोक्यात शेकडो नियम कोंबण्यापेक्षा शब्द कोंबलेले काय वाईट?

मॅडम : संगणकाला फक्त आवाज दिला होता, गुरुजी. शब्दाचा अर्थ, त्याचं मूळ, त्याचे भाऊबंद त्याला माहीत नव्हते. लेकराला ते सांगता येतात. एस-आय-जी-एन, साइन. त्यातला जी मुका का? सिग्नल म्हणून बघा, जी बोलायला लागला. सिग्नेचर म्हणा, पुन्हा बोलला. तो जी अर्थाचं नातं सांभाळून बसलाय. ई-डीचं बघा. वॉक्ड म्हणताना शेवटी ट ऐकू येतो, प्लेडमध्ये ड, वाँटेडमध्ये इड. माझ्या वर्गात 'वॉक्ड'च्या शेवटी के-टी लिहिणारी लेकरं आहेतच. त्यांना म्हणते, आवाज तीन आहेत, पण काम एकच, झालेली गोष्ट सांगणं. म्हणून तिन्हीकडे ई-डी. हे एकदा कळलं की शेकडो क्रियापदांची स्पेलिंगं एका दमात सुटतात.

गुरुजी : आणि सी-एच? तो कधी च, कधी क, कधी श. आमच्या नातवानं मला विचारलं, आबा, चेअरमध्ये च, मग केमिस्ट्रीत क का? मी म्हटलं, इंग्रजी आहे बाबा, असंच असतं.

मॅडम : असंच नसतं. चेअर, चाइल्ड, चर्च हे इंग्रजीत फार जुने मुरलेले, तिथं च. ग्रीकमधून आले ते क : केमिस्ट्री, क्रोमोसोम, क्लोरोफिल, स्कूलसुद्धा. फ्रेंचमधून नंतर आले ते श : मशीन, शेफ, पॅराशूट. तुमचा नातू नीटच्या क्लासला लातूरला जायचं म्हणतोय ना? जीवशास्त्राच्या पुस्तकात ग्रीक शब्दांचा भरणा असतो. तिथं क ऐकला की सी-एचचा संशय घ्यायचा आणि फ ऐकला की पी-एचचा. न्यूमोनियाचा मुका पी, सायकॉलॉजीचा मुका पी, ही पण ग्रीकची देणगी. अमेरिकेत स्पेलिंग बी नावाची मोठी स्पर्धा होते. 1985 साली बालू नटराजन तिथं जिंकले, तेव्हापासून भारतीय घरांतली कितीतरी पोरं जिंकली. ती पोरं मंचावर उभी राहून आधी काय विचारतात? हा शब्द कुठल्या भाषेतून आला. न ऐकलेल्या शब्दाचं स्पेलिंग त्यावरून बांधतात.

गुरुजी : ती अमेरिकेत वाढलेली पोरं. त्यांच्या कानावर सकाळ-संध्याकाळ इंग्रजी. तुझ्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी शिकतं, ती अजून मुरली नाही तोवर तिसरी भाषा इंग्रजी. आता तू त्यात ग्रीक आणायलीस! आणि मुख्य गोष्ट मी अजून बोललोच नाही. तुझे सगळे नियम आवाजावर उभे आहेत. आखूड स्वर, लांब स्वर. पण भोकरमध्ये तो आवाज कुणाच्या तोंडी आहे? शिप आणि शीप. एक जहाज, एक मेंढी. तू बोल बरं दोन्ही. मला काही फरक ऐकू येईना. बिट आणि बीट, फुल आणि फूल, तसंच. आपण मराठीत बोलताना ह्रस्व-दीर्घाचा फारसा भेद करतच नाही. व्हेस्ट आणि वेस्ट दोन्ही आपल्या व-मध्ये बसतात. जो आवाज कानालाच कळत नाही, त्यावरून अक्षर कसं ठरवणार?

गुरुजींचा हा मुद्दा या सगळ्या वादातला सगळ्यात भारी आहे, असं माझं मत आहे. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या वर्षअखेर सगळ्या मुलांची एक छोटी तपासणी होते. चाळीस शब्द वाचायचे, त्यांतले वीस निरर्थक, म्हणजे पाठांतर कामाला येत नाही, अक्षर आणि आवाज यांचं नातं कळलंय का एवढंच समजतं. पण तिथल्या बहुतेक मुलांना तो आवाज घरीच मिळालेला असतो. तिकडची पद्धत उचलून भोकरच्या वर्गात जशीच्या तशी लावली तर ती या जागी लंगडी पडणार. आवाजाच्या सीड्या वाजवून आणि तक्ते लावून हा प्रश्न सुटत नाही. मॅडमनाही उत्तर द्यायला वेळ लागला.

मॅडम : खरं आहे. शिप-शीप मलाही तोंडानं नीट वेगळं करता येत नाही. पण गुरुजी, तुम्ही आम्हाला मराठी शुद्धलेखन कसं शिकवलं ते आठवा. 'कवी'मधला वी दीर्घ, हे आम्ही कानानं ओळखलं का? तुम्ही नियम दिला, शेवटचं अक्षर इकारान्त-उकारान्त असेल तर दीर्घ. गती, वस्तू, गुरू. मग सांगितलंत, 'आणि' आणि 'नि' हे अपवाद. अपवाद आहेत म्हणून नियम टाकून दिला नाहीत.

गुरुजी : आम्ही शाळेत गेलो तेव्हा घरातल्या जुन्या पुस्तकांत 'कवि' ह्रस्वच होता. 1962 साली साहित्य महामंडळाचे नियम आले, तेव्हा मोठ्या माणसांनाही हात बदलावा लागला.

मॅडम : आणि बदलला, कारण नियम समजला होता. दुसरा नियम तर मला आज इंग्रजी शिकवताना रोज उपयोगी पडतो. फूल, पण फुलाला. मीठ, पण मिठाचा. गूळ, पण गुळाची. प्रत्यय लागला की आतलं अक्षर आखडतं. तुम्ही म्हणायचात, शेपूट लागली की पोट आत घ्यायचं. आता इंग्रजीत बघा. एच-ओ-पी-ई होप. आय-एन-जी लागलं की ई पडतो, होपिंग. एच-ओ-पी हॉप, लंगडी घालणं. त्याला आय-एन-जी लागलं की पी दुप्पट होतो, हॉपिंग. प्रत्यय लागला की शब्दाचा शेवट बदलतो, ही गोष्ट मराठी लेकराला परकी नाही. मी फळ्याच्या एका बाजूला फूल-फुलाला लिहिते, दुसऱ्या बाजूला होप-होपिंग. कान कमी पडतो तिथं डोळा आणि नियम कामाला येतो. मराठीतही आपण तेच करत आलो.

गुरुजी : म्हणजे माझंच मला परत द्यायलीस.

मॅडम : तुमचंच आहे. तुम्ही मराठीला नियम लावलेत, इंग्रजीला मात्र घोकंपट्टी लावलीत. मला तेवढंच खटकतं. आणि मराठीत सगळं लिहिल्यासारखं बोलतो असंही नाही. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च एकाच अक्षरानं लिहितो. 'राम' लिहिताना शेवटच्या म-मध्ये अ असतो, बोलताना नसतो. आपल्याला सवय आहे म्हणून दिसत नाही.

गुरुजी : पण इतकी गडबड तरी नाही. के-एन-आय-जी-एच-टी, नाइट. शूर सरदार. त्यात के कशाला, जी-एच कशाला?

मॅडम : एके काळी ते बोलत होते. के-सुद्धा आणि जी-एचसुद्धा. तो जी-एच म्हणजे घशाकडचा घासून येणारा आवाज. तुमच्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालं ना? उर्दूत खत, खबर म्हणताना जो 'खे' येतो, त्याच्या जवळचा. 1476 साली विल्यम कॅक्सटननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापायला लागल्यावर स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं. पण पंधराव्या ते अठराव्या शतकात इंग्रजांचे उच्चार फार बदलले, स्वर तर पार सरकले. आवाज पुढे गेले, अक्षरं जागेवर राहिली. म्हणून मुकी अक्षरं दिसतात.

गुरुजी : हे वडिलांना सांगितलं असतं तर त्यांना आवडलं असतं. ते उर्दूत स्वराच्या खुणा न लावता लिहायचे आणि बिनचूक वाचायचे. मी विचारलं तर म्हणायचे, शब्द ओळखीचा असला की खूण लागत नाही.

मॅडम : मग हेच मी म्हणतेय.

गुरुजी : थांब. काही शब्द तर पंडितांनी मुद्दाम बिघडवलेत, हे मीही वाचलंय. डेटमधला बी. कर्ज ह्या अर्थाचा. तो बी कधी बोललाच जात नव्हता, लॅटिनच्या हौसेनं घुसडला. आयलंडमधला एस तर चुकून आला. आता ह्याला कुठला नियम लावशील?

मॅडम : कुठलाच नाही. हे सांगायचं आणि पाठ करून घ्यायचं. तिथं तुमची पद्धत. तुमचं वेड-नेस-डे, टू-गेट-हर सुद्धा मी वर्गात वापरते. वॉज, सेड, वन, टू, हू, ऑफ, देअर हे शब्द सगळ्यात जास्त लागतात आणि सगळ्यात जास्त आडवे जातात. ते पहिल्या दोन-तीन वर्षांत हाताला बसलेच पाहिजेत. दहा वेळा लिहून बसोत, वीस वेळा लिहून बसोत. पण सगळी भाषाच सेड आणि वॉजसारखी आहे, असं समजून शिकवू नये.

गुरुजी : तरी मी एक विचारतो. वर्गात साठ पोरं. हजेरी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. घराणी दाखवायला वेळ कुठून आणायचा? घोकायला लावलं की निदान वर्ग शांत बसतो आणि वही भरते. पालकाला भरलेली वही दिसते.

मॅडम : वही भरते, पण कुणाची? ज्याच्या घरी संध्याकाळी पाठांतर घेणारं कुणी आहे त्याची. माझ्या तांड्यावरची काही लेकरं दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात. चार-पाच महिन्यांनी परत येतात, तेव्हा पाठ केलेले शब्द गेलेले असतात. घराणं शिकलेलं लेकरू मात्र कारखान्यावरची पाटी, औषधाचं खोकं, ट्रकवरचं नाव वाचत राहतं. त्याचा अभ्यास शाळेबाहेर चालू राहतो. मला पद्धत आवडते म्हणून मी भांडत नाही, गुरुजी. ज्याला घरातून मदत नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यायचं आहे.

गुरुजी : आणि साठ पोरांचं?

मॅडम : त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आठवड्यात एक घराणं, एवढंच मी करते. बाकी चार दिवस त्याच घराण्याचे शब्द वाचनात, श्रुतलेखनात, खेळात. वर्षाला तीस घराणी झाली तरी पुष्कळ.

गुरुजी : श्रुतलेखन सोडू नकोस एवढंच माझं म्हणणं. रोज घे. आणि लिहून घे. नियम तोंडानं सांगणारी पोरं मी बघितलीत, हात चालत नाही त्यांचा.

मॅडम : रोज घेते.

वाद इथे थांबला, मिटला नाही. गुरुजी आजही म्हणतील की हातानं लिहिल्याशिवाय स्पेलिंग बसत नाही, आणि ते खरं आहे. पण माझं मत मॅडमच्या बाजूला आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असं सुरात म्हणून घेतलं गेलं. त्यात अक्षरांची नावं पाठ झाली, पण सी, ए, टी मिळून 'कॅट' हा आवाज कसा होतो, हे कुणी थांबून सांगितलं नाही. एन-ए-आय-टी लिहिणारी पोर इंग्रजीत कच्ची आहे, हा निष्कर्षच चुकीचा आहे. तिनं मराठीचा नियम इंग्रजीला लावला. नियम लावणारं डोकं तिच्याकडे आहे, फक्त दुसरा नियम अजून तिच्या हाती पडलेला नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या लेकराला तर याची निकड आणखी जास्त आहे.

भोकर, मुदखेड, हिमायतनगर, किनवट या भागांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांना एक विनंती आहे. यंदा श्रुतलेखनाची वही तपासताना चुकलेल्या शब्दावर फुली मारण्याआधी तो शब्द लेकराकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या. त्यानं कुठलं अक्षर कशासाठी लिहिलं ते विचारा. उत्तर ऐकलं की त्याला कुठलं घराणं दाखवायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि 'वॉज', 'सेड' आले तर मात्र गुरुजींचं ऐका, दहा वेळा लिहून घ्या.